आपल्या उपासनेतला आनंद : तो कुठून येतो आणि कुणाला सोबत घेतो?





आज आगमनकाळाचा तिसरा रविवार. वेदीजवळच्या आगमनचक्रातली गुलाबी मेणबत्ती आज पेटली आहे. आगमनकाळाचा रंग जांभळा, म्हणजे वाट पाहण्याचा आणि पश्चात्तापाचा. परंतु या एका रविवारी ख्रिस्तसभा गुलाबी रंगाला मुभा देते. या रविवारला लॅटिन भाषेत 'गौदेते' असे नाव आहे. 'गौदेते' म्हणजे आनंद करा. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातून हा शब्द आजच्या मिस्साच्या प्रवेशगीतात आला आहे. पौलाने हे पत्र लिहिले तेव्हा तो सणाच्या मांडवात बसलेला नव्हता. तो बेड्यांत होता. ही एक गोष्ट लक्षात ठेवून आपण पुढे जाऊ या.

आनंदाविषयी आज लिहायचे कारण केवळ पंचांगातला रविवार नाही. आपल्याच चर्चमध्ये घडलेली एक गोष्ट गेले काही आठवडे माझ्या मनातून जात नाही.

ख्रिस्तराजाच्या सणाला काय झाले?

गेल्या महिन्यात ख्रिस्तराजाच्या सणाला आपण मिस्साआधी मिरवणूक काढली. आपल्या तरुण मुलांनी हौसेने हलगी आणली. प्रवेशगीताला टाळ, ढोलकी आणि हलगी वाजली. अर्पणाच्या वेळी सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला स्वतःला फार बरे वाटले. परवानगी मीच दिली होती, आणि देताना कुणालाही विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात चार प्रकारची माणसे मला भेटायला आली.

पहिली तरुण मंडळी. ती म्हणाली, "फादर, आता दर रविवारी असंच करू या. नाहीतर आपली मिस्सा शोकसभेसारखी वाटते."

दुसरे एक निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "फादर, बाहेर गावात रोजच गलका असतो. चर्चमध्ये तरी दोन घटका शांतता मिळू द्या."

तिसऱ्या एक भगिनी. त्यांच्या घरात या वर्षी मोठे दुःख झाले आहे. त्या हळूच म्हणाल्या, "फादर, सगळे टाळ्या वाजवत होते. माझे हात उचललेच नाहीत. माझी श्रद्धा कमी पडली का?"

चौथे आपल्यातले एक वयोवृद्ध आजोबा. त्यांच्याविषयी थोडे पुढे लिहितो.

खरे सांगायचे तर त्या दिवशी मी चौघांपैकी कुणालाच नीट उत्तर दिले नाही. आजचा लेख हे माझे उशिरा दिलेले उत्तर समजा.

१. सुख वेगळे, आनंद वेगळा

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा' या ग्रंथातला एक लहानसा भाग मी वाचला होता. त्या वेळी तो परीक्षेपुरता पाठ केला. आता त्याचा अर्थ अधिक कळतो. आनंद हा सद्गुण आहे का, असा प्रश्न ते विचारतात. त्यांचे उत्तर असे की आनंद हा वेगळा सद्गुण नाही, तो प्रीतीचा परिणाम आहे. विस्तव असला की ऊब येते, तशी प्रीती असली की आनंद येतो.

यातून एक मोठी गोष्ट निघते. 'आनंदी हो' असा हुकूम सोडून आनंद आणता येत नाही. ऊब हवी असेल तर विस्तव पेटवावा लागतो. आनंद हवा असेल तर प्रीतीकडे वळावे लागते. पौल 'आनंद करा' म्हणतो तेव्हा तो नुसता 'आनंद करा' म्हणत नाही, 'प्रभूमध्ये' हा शब्द तो जोडतो. आनंदाचे मूळ कुठे आहे, हे तो दाखवतो.

सुखाचे तसे नाही. चांगली चाल, गोड जेवण, गारवा, ओळखीची माणसे यांनी सुख मिळते. ते वाईट नाही, देवाचेच देणे आहे. पण कारण संपले की तेही संपते. आनंदाचे उदाहरण एखाद्या आईकडे पाहून घ्या. मुलाला रात्रभर ताप असतो. ती झोपलेली नसते, जेवलेली नसते, पाठ दुखत असते. पहाटे ताप उतरतो आणि मूल पाणी मागते. त्या क्षणी तिच्याकडे सुख म्हणावे असे काहीच नसते, पण आनंद असतो. कारण ज्याच्यावर प्रेम आहे ते तिच्या कुशीत आहे आणि बरे आहे.

पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली ख्रिस्ती आनंदावर एक पत्र लिहिले. आधुनिक समाजाने सुखाची साधने पुष्कळ वाढवली, पण आनंद निर्माण करणे त्याला जमत नाही, असे त्यांनी त्यात म्हटले. त्या वेळी आपल्याकडे घरोघर टीव्हीही नव्हता. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. त्यांचे म्हणणे खरे की खोटे, हे आपापल्या घरात पाहा.

अक्वायनस आणखी एक प्रश्न विचारतात : प्रीतीतून येणाऱ्या आनंदात दुःख मिसळलेले असू शकते का? देव स्वतः परिपूर्ण आहे, या जाणिवेच्या आनंदात दुःखाला जागा नाही. पण आपण अजून वाटेवर आहोत. देवाचे दान आपल्यापर्यंत आणि आपल्या माणसांपर्यंत पूर्णपणे पोहोचलेले नाही. त्या कमतरतेचे दुःख आनंदाबरोबर राहू शकते, असे त्यांचे उत्तर आहे. म्हणून त्या भगिनींना मी आज सांगतो : ताई, तुमची श्रद्धा कमी पडली नाही. ज्या प्रीतीतून आनंद येतो, त्याच प्रीतीतून तुमचे अश्रू आले आहेत. त्या दिवशी तुम्ही मिस्साला आलात. न उचललेले ते हातही तुम्ही वेदीसमोर आणलेत. ते अर्पण लहान नव्हते.

२. देवाला नको असलेले गाणे

मग काय, जोरात गायले की उपासना झाली? बायबल तसे म्हणत नाही. आमोस संदेष्टा मेंढरे राखणारा आणि उंबराची झाडे जोपासणारा माणूस. देवाच्या वतीने त्याने लोकांना सुनावले की तुमचे सण मला आवडत नाहीत, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा. त्याऐवजी न्याय पाण्यासारखा वाहू द्या (आमोस ५:२१-२४). त्या लोकांची गाणी बेसूर होती म्हणून देव रागावला नव्हता. गाणारे लोक गरिबाला दाराबाहेर तुडवत होते, म्हणून त्याला ते गाणे ऐकवेना.

करिंथच्या ख्रिस्तमंडळीतही हेच झाले. प्रभुभोजनासाठी सगळे एकत्र येत. काही जण लवकर येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत. कष्टकरी उशिरा येत आणि उपाशी राहत. खाल्लेल्यांना नक्कीच फार आनंद वाटत असेल. पौल त्यांना स्पष्ट सांगतो की याला प्रभूचे भोजन म्हणता येणार नाही (१ करिंथ ११:२०-२२). जिच्यातून एक भाऊ उपाशी परततो ती आनंदाची पंगत ख्रिस्ताची पंगत नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी. कराराचा कोश येरुशलेमात आणताना दावीद राजा सर्व बळानिशी नाचला. त्याची पत्नी मीखल खिडकीतून पाहत होती. राजाने असे नाचावे याची तिला लाज वाटली आणि तिने मनात त्याचा तिरस्कार केला (२ शमुवेल ६). म्हणजे नाचणाऱ्याने गरिबाकडे पाहावे, तसेच खिडकीतून पाहणाऱ्याने आपल्या मनाकडे पाहावे. 'हे आपल्या प्रतिष्ठेला शोभत नाही' हा विचार भक्तीतून येतो की अभिमानातून, हे ज्याचे त्याने तपासावे.

संत ऑगस्टीन यांनी हा पेच स्वतः अनुभवला. गाण्याच्या अर्थापेक्षा आवाजानेच आपण अधिक हेलावतो, याची त्यांना भीती वाटे, आणि तसे झाले की ते त्याला आपली चूक म्हणत. पण श्रद्धा मिळाली त्या दिवसांत चर्चमधील गाणी ऐकून आपल्या डोळ्यांत पाणी आले होते, हेही त्यांना आठवे. म्हणून त्यांनी गाणे बंद करा असे म्हटले नाही. स्तोत्रांवरील आपल्या विवेचनात ते कापणी करणाऱ्या आणि द्राक्षे तोडणाऱ्या मजुरांचे उदाहरण देतात. ही माणसे शब्दांनी गायला लागतात, आणि आनंद शब्दांत मावेनासा झाला की शब्द सोडून नुसता आवाज काढतात.

आपल्या शिक्षक बंधूंना मला येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. शब्द संपतात तिथून आरोळी सुरू होते, तशी शांतताही तिथूनच सुरू होते. दोन्ही एकाच आनंदाच्या बहिणी आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज दिला त्यात लोकांचे गायन, प्रतिसाद आणि हालचाली यांच्याबरोबरच योग्य वेळी पवित्र शांतताही पाळावी असे सांगितले आहे. शांतता मागणारा माणूस आनंदाचा शत्रू नव्हे.

३. मराठीतून गाणारी ख्रिस्तसभा

टाळ-मृदंग चर्चमध्ये आणणे ही आजकालची टूम आहे, असे काहींना वाटते. तसे नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी आपली भाषा आत्मसात केली आणि ओवी छंदात 'ख्रिस्तपुराण' रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला. तो लिहिण्यामागचे कारण मोठे बोलके आहे. नव्या ख्रिस्ती लोकांना धर्मशिक्षण मिळत होते, पण पूर्वी ते जशी पुराणे ऐकत आणि गात तसे आता त्यांच्याजवळ काही नव्हते. डोक्याला शिकवण मिळाली होती, पण ओठांना गाणे मिळाले नव्हते. स्टीफन्स यांनी ती उणीव ओळखली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. तरीही ग्रंथ टिकला, आणि १९०७ साली मंगलोर येथे पुन्हा छापला गेला.

दुसरे नाव नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, पण त्यांची गीते आज सर्व मराठी ख्रिस्ती लोकांची आहेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते म्हणत. अभंग, ओवी, भजन, कीर्तन ही आपल्या मातीची रूपे त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी वाहिली. त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

व्हॅटिकन परिषदेनेही हेच सांगितले. ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे, तिला उपासनेत योग्य स्थान द्यावे. १९६९ साली भारतातील ख्रिस्तसभेला आरती, अंजली, जमिनीवर बसणे, समईचा दिवा अशा गोष्टी उपासनेत आणण्याची परवानगी रोमहून मिळाली. म्हणजे ढोलकी चालते की नाही, हा प्रश्न ख्रिस्तसभेने केव्हाच सोडवला आहे. आपल्यापुढे उरलेला प्रश्न वेगळा आहे, आणि तो त्या आजोबांनी विचारला.

४. पंढरपुरातले दोन आवाज

आपण पंढरपुरात राहतो. आषाढी-कार्तिकीला येथे टाळ-मृदंगाचा आवाज रात्रंदिवस थांबत नाही. आळंदी-देहूहून सुमारे तीन आठवडे चालून माणसे येतात. पायांना फोड आलेले, कपडे चिखलाने भरलेले, आणि ओठांवर गाणे. त्यांची श्रद्धा आपल्याहून वेगळी आहे. पण आनंदाला चालण्याची किंमत द्यावी लागते, हे त्यांच्याकडून शिकता येते. आपण मिस्साला दहा मिनिटे उशिरा येतो आणि कम्युनियन घेऊन लगेच गाडीकडे वळतो, मग म्हणतो की मिस्सामध्ये आनंद वाटत नाही!

याच गावात दुसरी एक आठवणही आहे. मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, संत चोखोबांची समाधी आहे. ज्याने इतके प्रेमाने गायले त्याला आत जाता येत नव्हते. पुढे शेकडो वर्षे त्यांच्या समाजाला आणि इतर अनेकांना तो उंबरठा बंदच राहिला. १९४७ साली साने गुरुजींनी येथे उपोषण केले, तेव्हा कुठे ते दार सर्वांसाठी उघडले. गाणे आत आणि गाणारा बाहेर, असे या गावाने पाहिले आहे.

आता आजोबांचे बोलणे. ते माझ्याजवळ बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फादर, रागावू नका. हलगी वाजली आणि मला माझा बाप दिसला. गावात कुणाची वरात निघाली, देवाची मिरवणूक निघाली की बापाला बोलावणं यायचं. तो पुढं वाजवत चालायचा. त्याच्या वाजवण्यावर लोक नाचायचे. पंगत बसली की आम्ही सगळ्यात शेवटी, लांब. उरलेलं मिळायचं. आम्ही चर्चला आलो तेव्हा बापानं हलगी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही. आणि त्या दिवशी तुम्ही ती चर्चमध्ये वाजवली."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मातंग समाजातील कितीतरी घराण्यांवर हलगी हे गावकीचे काम म्हणून लादलेले होते, हे मी पुस्तकांत वाचले होते. टाळ-मृदंग वारकरी आपल्या खुशीने हाती घेतो; हलगी पुष्कळांच्या हाती खुशीने आली नव्हती. मला मात्र दोन्ही आवाज सारखेच 'आपल्या मातीचे' वाटले. मातीत कुणाचा घाम आणि कुणाचे अश्रू पडले, हे न विचारता मी माती वेदीवर आणली. त्याबद्दल मी आजोबांची क्षमा मागितली आहे. आज तुमच्या सर्वांपुढेही मागतो.

५. जखमा दाखवून दिलेला आनंद

त्यानंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय मी पुन्हा वाचला. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य दारे लावून बसले होते. येशू त्यांच्यामध्ये उभा राहिला. त्याने त्यांना शांतीचा आशीर्वाद दिला आणि मग आपले हात व आपली कूस दाखवली. प्रभूला पाहून शिष्यांना आनंद झाला, असे त्यापुढे योहान लिहितो.

हा क्रम पाहा. आधी जखमा, मग आनंद. पुनरुत्थित प्रभूला त्या जखमा झाकता आल्या असत्या. त्याने झाकल्या नाहीत, कारण त्या जखमांवरूनच हा तोच येशू आहे हे शिष्यांना ओळखता आले. जखमा विसरायला लावणारा आनंद जगात पुष्कळ मिळतो. जखमा दाखवता येतील असा आनंद फक्त ख्रिस्ताजवळ मिळतो. मिस्सा म्हणजे हेच तर आहे : मोडलेली भाकर हाती घेऊन आपण उपकारस्तुती करतो.

म्हणून उपासनेतल्या आनंदाची परीक्षा आवाजाच्या मोठेपणावर होत नाही. जखमी माणसाला तेथे आपली जखम घेऊन बसता येते का, ही त्याची परीक्षा आहे.

६. बाहेर उभा असलेला थोरला भाऊ

लूकच्या पंधराव्या अध्यायात धाकटा मुलगा घरी आला तेव्हा घरात वाद्ये वाजली आणि नाच झाला. थोरला शेतातून आला, आवाज ऐकून बाहेरच थांबला. या दाखल्यावर प्रवचन करताना मी नेहमी थोरल्याला दोष देत आलो. आता बापाकडे अधिक लक्ष जाते. थोरला रुसला म्हणून बापाने वाद्ये बंद केली नाहीत. 'यायचे तर ये, नाहीतर राहा' असेही तो म्हणाला नाही. तो आनंद सोडून स्वतः बाहेर आला आणि मुलाची समजूत घालू लागला. वाद्ये आत चालू आहेत आणि बाप बाहेर उभा आहे. आपल्या चर्चचे चित्र मला असे हवे आहे.

थोडे दिवसांनी मी आजोबांच्या घरी गेलो. हलगी पुन्हा कधीच वाजवायची नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, "तसं नको फादर. पोरं आनंदानं वाजवतात, त्यांना कुणी बोलावणं धाडलेलं नाही. वाजवू द्या. पण वाजवणाऱ्याला शेवटी जेवू घालू नका."

या एका वाक्याने मला माझ्या सर्व पुस्तकांपेक्षा अधिक शिकवले. आपल्या चर्चमध्ये गाणारे आणि वाजवणारे कम्युनियनच्या वेळी गात-वाजवत असतात आणि सर्वांच्या शेवटी येतात. कधी कधी राहूनही जातात. गाणाऱ्यांनाही कम्युनियन सहज घेता यावे याची काळजी घ्या, असे मिस्साग्रंथाच्या सूचनांमध्ये लिहिलेलेच आहे. आपण ते पाळले नव्हते.

पॅरिश कौन्सिलमध्ये बोलून आपण पुढील गोष्टी ठरवल्या आहेत :

आगमनकाळात वाद्ये बेताने वाजतील, म्हणजे नाताळचा आनंद नाताळसाठी राखला जाईल. नाताळच्या रात्री गौरवगीताला टाळ, ढोलकी आणि हलगी वाजेल.

कम्युनियननंतर काही वेळ पूर्ण शांतता राहील. त्या वेळी काहीही वाजणार नाही, मीही बोलणार नाही.

'सर्वांनी टाळ्या वाजवा' असे माइकवरून कुणी सांगणार नाही. ज्याला वाजवाव्याशा वाटतील त्याने वाजवाव्यात. ज्याचे हात उचलत नाहीत त्याच्याकडे कुणी वळून पाहू नये.

आजपासून गाणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांना कम्युनियन सर्वांत आधी दिले जाईल. नाताळच्या जेवणातही पहिली पंगत त्यांची.

घरी चिंतनासाठी

१. गेल्या आठवड्यात मला सुख कशाने मिळाले आणि आनंद कशाने मिळाला? दोन्ही एकच होते का?

२. मिस्सामध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाचे या वर्षीचे दुःख मला माहीत आहे का?

३. आपल्या घरच्या सणात शेवटी जेवणारी व्यक्ती कोण असते? नेहमी तीच का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू जखमा घेऊन आमच्यामध्ये उभा राहिलास आणि आम्हांला आनंद दिलास. जे गातात त्यांना प्रीती दे. जे गप्प आहेत त्यांच्याजवळ बस. जे दाराबाहेर थांबले आहेत त्यांच्याकडे जायला आमचे पाय चालते कर. तुझ्या जन्माच्या रात्री आमच्यापैकी कुणीही बाहेर राहू नये. आमेन.

नाताळच्या मिस्साला सर्वांनी सहकुटुंब यावे. जे बरेच दिवस आलेले नाहीत त्यांच्या घरी या आठवड्यात मी येणार आहे. चहा मात्र बिनसाखरेचा ठेवा.

ख्रिस्तात तुमचा,
तुमचे फादर